साळुंकीला दिलेली माणसं

एका राज्यात प्रश्नाला विन्मुख पाठवण्याची रीत नव्हती. दारी आलेला अतिथी आणि कानी आलेला प्रश्न, दोघांनाही वाढलंच पाहिजे, असं तिथले लोक मानत. त्यामुळे झालं काय, की सगळं राज्यच पंडितांचं. न्हावी दाढी करता करता ग्रहण कसं लागतं ते सांगे, पाणक्या कावड खाली ठेवून जुन्या लढाया ऐकवी, आणि शेंबडी पोरंसुद्धा ‘ती होडी जाडी होती’ हे उलटं म्हटलं तरी तेच राहतं, म्हणून पाहुण्यांपुढे मिरवत. ‘ठाऊक नाही’ एवढं मात्र कोणाच्या तोंडून निघत नसे. जीभ झडली असती ना त्यांची!

मग वेशीवरच्या वठलेल्या पिंपळावर एक काळी साळुंकी येऊन बसली. कोणी म्हणे मांत्रिकाने पाठवली, कोणी म्हणे तीच मांत्रिकीण. मी काही बघायला गेलो नव्हतो. दिवस कलला की ती एकाला नावाने हाक मारी आणि माणसाच्या वाणीने प्रश्न विचारी. उत्तर बरोबर आलं, की देणाऱ्याला आपल्या मनातलं एक माणूस तिला द्यावं लागे. कोणतं, ते ज्याचं त्याने निवडायचं. नाव उच्चारलं की ते माणूस आठवणीतून पुसलं जाई.

तुम्ही म्हणाल, मग चुकीचं उत्तर द्यावं, मोकळं व्हावं. अहो, तेच तर! चुकीचं उत्तर म्हणजे अतिथीला शिळं वाढणं. ते कोणाच्याने होईना. आधी लोकांनी दूरचे सोयरे देऊन टाकले, मग शेजारी, मग भाऊबंद. हळूहळू घराघरांत परकी माणसं एका चुलीवर जेवू लागली. सण आले तसे गेले. कोणी मेलं तरी रडायला कोणी नसे.

राजा भानुगुप्त सगळ्यांत ज्ञानी, म्हणून साळुंकी सगळ्यांत जास्त हाका त्यालाच मारी. त्याने मित्र दिले, प्रधान दिला, स्वर्गवासी राणी दिली. शेवटी एक लेक उरली, हेमलेखा. त्या संध्याकाळचं उत्तरही त्याला येत होतं. राजानेच रीत मोडायची कशी? दुसऱ्या दिवशी हेमलेखा ताट घेऊन गेली, तेव्हा त्याने अदबीने विचारलं, “आपण कोणाकडच्या?”

हेमलेखा खोलीत जाऊन पोटभर रडली. मग म्हाताऱ्या दाईने तिला ऐकीव गोष्ट सांगितली. एका बैठकीत तीन उत्तरं देणाऱ्याला साळुंकीला एक प्रश्न विचारता येतो, आणि तिला खरं उत्तर द्यावंच लागतं. पण तिथवर अजून कोणी पोचलं नव्हतं. जाणारे ज्याच्यासाठी गेले तेच माणूस देऊन बसायचे, आणि मग आलो कशाला हे न आठवून घरी परतायचे.

हेमलेखाने मनाशी ठरवलं, शाप कसा फिटेल एवढंच विचारायचं. ती पिंपळापाशी गेली तेव्हा पारावर राजा बसलेला होता. लेकीला दिल्यापासून तो रोज येऊन बसे आणि डोळे पुसत राही. कोणासाठी रडतोय, हे त्यालाच कळत नसे.

साळुंकी म्हणाली, “कोणत्या खेळात मागे सरणारा जिंकतो?”

“रस्सीखेचीत.” तिने दाईचं नाव घेतलं. ज्या हातांनी तिला न्हाऊमाखू घातलं, ते हात गेले.

“तीन काळजं कोणाला?”

“समुद्रातल्या अष्टपादाला.” तिने आईचं नाव घेतलं. आईची आठवण तेवढी जवळ होती, तीही गेली.

“या नगराच्या कोटाचा पहिला दगड कोणी बसवला?”

हे तिला बाबांनीच तटावर फिरवताना सांगितलं होतं. बाकीची माणसं तिने आधीच्या हाकांना देऊन टाकली होती, आणि आता द्यायला फक्त बाबाच उरले होते. पोरीचा हिशेब इथे चुकला होता. गप्प राहावं तर दाई आणि आई फुकट गेल्या. तिने एकदा पाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुंगा नावाच्या एका विधवेने.” आणि तिने बाबांचं नाव घेतलं.

“आता तू विचार,” साळुंकी म्हणाली.

हेमलेखाला काही आठवेना. आपण कशासाठी आलो, कोणासाठी आलो, सगळं कोरं. तिने इकडेतिकडे पाहिलं. पारावर एक अनोळखी म्हातारा रडत होता. तिला त्याची कणव आली.

“हे गृहस्थ का रडताहेत?” तिने विचारलं.

इतक्या प्रश्नोत्तरांच्या राज्यात हे आजवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं. साळुंकीला खरं बोलणं भाग होतं. “ते तुझे वडील. त्यांनी तुला मला दिलं, म्हणून रडताहेत.”

साळुंकीने बरोबर उत्तर दिलं, तेव्हा माणूस देण्याचा नियम तिलाही लागला. तिचं स्वतःचं माणूस एकही नव्हतं. मग लोकांची घेतलेली होती ती सगळीच तिच्याकडून सुटली. साळुंकी फांदीवरून खाली पडली आणि निपचित झाली. नगरात घरोघरी हाका सुरू झाल्या. आयांना लेकरं सापडली, प्रधान दरबारात गेला, राज्य ठिकाणावर आलं.

पारावर भानुगुप्ताला सगळंच आठवलं. तो मान खाली घालून म्हणाला, “लेकी, तुला कोणी हिरावलं नव्हतं. मी दिलं.”

“मीही तुम्हाला दिलं, बाबा,” हेमलेखा म्हणाली.

तिने त्याचा हात धरला आणि दोघं वाड्याकडे निघाली. वाटेत कोणी कोणाला काही विचारलं नाही.