एका वाक्याला दोन होकार

एका राज्यात मणिकेतू नावाचा उतावळा राजा होता. कुणी पाहत नसताना डोंगर असतो की नसतो, यावर त्याच्या सभेत वाद पेटला. पंडित भवदत्त म्हणे, असतो. विदुषी ज्योत्स्नावती म्हणे, नसतो. राजाला जांभया येऊ लागल्या. सिंहासनावरूनच तो गरजला, "सूर्य मावळायच्या आत निकाल लावा, नाहीतर दोघांनाही सुळी!"

सभेत कालजिव्ह मांत्रिक बसला होता. त्याला हे सोसवले नाही. बसल्या जागी त्याने राजाची शिळा केली, भवदत्ताचा राघू केला, ज्योत्स्नावतीची साळुंकी केली. मग राणी मृणालवतीला म्हणाला, "या दोघांनी एकाच वाक्याला मनापासून 'होय' म्हटले, की तुझा पती उठेल."

पाखरांना लालूच दाखवायला राणीने नागाच्या गुहेतून शापित माणके आणली. त्यांना हात लावताच तिचे केस पांढरे झाले. पाखरांनी माणकांकडे ढुंकूनही पाहिले नाही, पण त्या केसांची दया येऊन राघू म्हणाला, "होय, नसतो." ते मनापासून नव्हते. शिळा हलली नाही.

मग काही वर्षांनी तिने सत्यसरोवराचे पाणी आणले. ते प्याल्यावर खोटे बोलता येत नसे. दोघेही प्याले आणि पूर्वीसारखेच भांडले. दोघेही खरेच बोलत आहेत हे कळल्यावर राणी रडली.

शेवटी कुणीही न पाहिलेल्या डोंगरावरचे म्हातारे गिधाड तिने साक्षीला आणले. "आहे डोंगर," गिधाड म्हणाले, "मी राहतो तिथे."

"म्हणजे तू पाहिलास की," साळुंकी म्हणाली. गिधाड उडून गेले.

राणी सिंहासनाच्या पायरीवर मटकन बसली. तिच्यात त्राण उरले नव्हते. भांडून भांडून साळुंकीचा घसाही बसला होता.

"राघू," राणी म्हणाली, "हिचे म्हणणे आता तूच सांग. खोडू नकोस. नुसते सांग."

राघूने सांगितले. "अर्धेच," साळुंकी घोगऱ्या आवाजात म्हणाली. राघूने मान तिरकी करून पुन्हा विचार केला.

"डोंगर म्हणजे पाहणाऱ्याला दिसलेले रूप, असे ही मानते. पाहणाराच नसेल, तर जे उरेल त्याला डोंगर म्हणायला आधार नाही."

साळुंकी उडून राघूच्या शेजारी येऊन बसली. "होय. हेच माझे म्हणणे. इतक्या वर्षांत आज ऐकलेस."

"होय, हेच तुझे म्हणणे," राघू म्हणाला. "मला पटत नाही. पण हेच."

शिळेने श्वास घेतला. पाखरांची माणसे झाली.

"कोण जिंकले?" राजाने विचारले.

"कुणीच नाही," राणी म्हणाली.

"मग डोंगर असतो की नसतो?"

"मला ठाऊक नाही, महाराज. मी इतकी वर्षे तुमच्याकडे पाहत होते. त्या शिळेत तुम्ही होतात की नव्हतात, तेही मला सांगता येणार नाही. जरा सरका, टेकू द्या मला."

राजा सरकला. त्याच्या खांद्यावर मान टाकून राणी झोपी गेली. तिकडे भवदत्त आणि ज्योत्स्नावती यांची पुन्हा जुंपली. ते राजाकडे पाहून एकदम थबकले.

"चालू द्या," राजा म्हणाला. "पण हळू."