ओढ्यापलीकडचे विद्यार्थी

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक पाठशाळा होती. तिथे शिकायला जायचं तर आधी ओढा ओलांडावा लागे. ओढा तसा लहानच, पण अंगात मस्ती फार. पाणी गुडघाभर आणि ओढ अशी, की बेसावध माणसाला त्यात बसवूनच सोडी.

तिथल्या गुरुजींची एक रीत होती. नव्या मुलाचा पहिला धडा वर्गात नाही, ओढ्यात व्हायचा. शाळेतलं एखादं मोठं मूल गावाकडच्या काठावर येई, नव्याचा हात धरी आणि त्याला पाण्यातून शाळेत आणी. गुरुजी काठावरून ओरडत राहत, "बोटं नको रे, मनगट धर. त्याने तुझं धरायचं, तू त्याचं. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते." अक्षरओळख वगैरे सगळं दुसऱ्या दिवशी.

जो सगळं शिक्षण पुरं करी, त्याला गुरुजी केशरी उपरणं देत. पण ते सगळ्यांच्या नशिबी कुठलं? कुणाच्या घरी भाता ओढायला माणूस नसे, कुणाला धाकटी भावंडं सांभाळावी लागत, आणि काहींचं गणिताशी कधी जमलंच नाही, हेही खरं. अशी मुलं अर्ध्यातच घरी जात. गुरुजी त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला येत.

पुढे गुरुजी वारले आणि त्यांचा आवडता शिष्य आचार्य झाला. माणूस चांगला होता. कष्टाळू होता, मुलांवर जीव टाकणारा होता. फक्त एक खोड होती, त्याला सगळं नीटनेटकं लागे. मुलांचे कपडे भिजतात म्हणून त्याने ओढ्यावर लाकडी साकव बांधला, आणि ओढ्यातला पहिला धडा आपोआप बंद पडला.

एके वर्षी आचार्यांनी ठरवलं, शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरवायचा. गावोगाव दवंडी पिटली. मग काय विचारता. इकडे मांडव पडले, तिकडे बुंदीच्या कढया चढल्या, आणि जो तो पेटीतलं उपरणं काढून त्याच्या घड्या मोडायला लागला.

शेजारच्या गावात एक कासारीण होती. लहानपणी ती या शाळेत शिकली होती. आई गेली तेव्हा घरची चूल तिच्यावर आली आणि शाळा सुटली. दवंडी ऐकली आणि ही बाई हातातल्या बांगड्या तशाच टाकून अंगणात आली. "मला बोलावलंय," ती दिसेल त्याला सांगत सुटली, "माझ्या शाळेने मला बोलावलंय." मेळाव्याच्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं, ठेवणीतलं लुगडं नेसली, शाळेतल्या चिमुरड्या पोरींसाठी बांगड्यांची करंडी भरून घेतली आणि भल्या सकाळी निघाली. चालत कसली, जवळजवळ धावतच होती.

साकवाच्या तोंडाशी आचार्य स्वागताला उभे होते.

"या बाई. उपरणं कुठे आहे?"

"उपरणं नाही मिळालं, आचार्य. अर्ध्यात सुटली ना शाळा."

आचार्य अवघडले. "मग बाई, तुम्ही माजी विद्यार्थी होत नाही. शिक्षण पुरं केलं तो विद्यार्थी. बाकीचे नुसते येऊन गेलेले. आज येऊन गेलेल्यांना आत घेतलं, तर उद्या वाटसरूही म्हणेल, मी इथलाच."

कासारीण त्यांच्याकडे बघत राहिली. काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती बोलली नाही. करंडी उचलून ती गावाकडच्या काठावर एका करंजाखाली जाऊन बसली. घरी जावं असं तिला वाटेना आणि आत जाता येईना.

थोड्या वेळात तिथे एक लोहार आला. मग एक गुराखी. मग सुईण, न्हावी, तेली, दोन कोळी भाऊ. सगळे नटून आलेले, सगळे परत फिरवलेले. बघता बघता करंजाखाली ही गर्दी जमली. शाळा पुरी करणाऱ्यांपेक्षा न करणारेच जास्त निघाले, हे तिथे बसलेल्यांना आधी कळलं. पलीकडून बुंदीचा वास येत होता आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

इतक्यात तुतारी वाजली. राजा आला होता, आणि तो काही बुंदी खायला आला नव्हता.

राजाला घोड्यांच्या पागेसाठी जागा हवी होती. प्रधानाने बरोबर ही जागा हेरली होती. पाणी आहे, सावली आहे, वर मालकीचा कागद कुणाकडेच नाही. राजा मात्र न्यायी होता, आणि जरा खेळकरही. तो म्हणाला, "शाळा कुणाची? तिथे शिकलेल्यांची. तर तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी हातात हात धरून उभं राहावं. त्यांच्या कड्यात जेवढी जमीन मावेल तेवढी शाळेची, कायमची. बाकीची पागेची."

मांडवात एकच धांदल उडाली. उपरणेवाले धावले. कुणी पूर्वेला, कुणी पश्चिमेला, "इकडे ताणा," "तिकडे सरका" असा गलका. पण कडं काही पुरेना. शाळेची इमारत आत आली, मांडव आत आला, आणि माणसं संपली. विहीर बाहेर राहिली. ओढा तर लांबच राहिला. त्यात हे लोक मोठ्या नजाकतीने एकमेकांची बोटं धरून उभे. जरा ताण दिला की बोटं सुटत, उपरणं सावरायला हात सोडला की कडं तुटे. प्रधान मिशीतल्या मिशीत हसत होता.

आचार्य मनाशी हिशेब करू लागले. विहीर गेली, ओढा गेला, मग मुलांनी प्यायचं काय? पाण्यावाचून शाळा महिनाभरही चालणार नाही. गुरुजींनी उभं केलेलं सगळं आपल्या हातून जाणार. त्यांनी कासावीस होऊन चहूकडे बघितलं आणि त्यांची नजर ओढ्यापलीकडे, करंजाखालच्या गर्दीवर गेली.

जावं की न जावं? सकाळचे आपलेच शब्द त्यांना आठवत होते. पण विहिरीकडे बघितलं आणि त्यांचे पाय आपोआप साकवाकडे वळले. पलीकडे जाऊन ते कासारणीसमोर उभे राहिले.

"सकाळी चूक झाली माझी," ते म्हणाले. "आता काही मागायला तोंड उरलेलं नाही, तरी आलोय. राजाने घातलेलं कडं पुरत नाही, मुलांचं पाणी जातंय."

लोहार फणकारला, "आता बरी आठवण झाली. आम्ही तर नुसते येऊन गेलेले."

कासारीण उठली. "त्याचा हिशेब मागाहून कर रे. पोरांनी तहानलेलं राहायचं का? चला उठा."

सगळे उठले. पण साकवावर प्रधानाचे शिपाई आडवे झाले; एकट्या आचार्यांनाच त्यांनी शाळेच्या काठावर जाऊ दिलं. प्रधान खालच्या पट्टीत म्हणाला, "महाराज, हे यांचे विद्यार्थी नव्हेत. सकाळी आचार्यांनीच तसं सांगितलं, माझ्या माणसांनी ऐकलंय. आता गरज पडली म्हणून गोळा केलेली ही माणसं."

राजा गंभीर झाला. "आचार्य, सकाळचं खरं की आत्ताचं?"

आचार्यांनी पलीकडे अडलेल्या गर्दीकडे बघितलं. आत्ताचं खरं म्हणावं तर गरजेपोटी बोलतोय असं दिसणार. पुरावा म्हणून दाखवायला त्या माणसांकडे काहीच नव्हतं.

पण कासारीण थांबलीच नव्हती. साकव अडवला तर अडवला, ओढा काही शिपायांच्या हुकमात नव्हता. तिने करंडी डोक्यावर घेतली, पदर खोचला आणि सरळ पाण्यात उतरली. मागे हात केला. लोहाराने तिचं मनगट धरलं, तिने त्याचं. गुराख्याने लोहाराचं, सुईणीने गुराख्याचं. एकामागून एक सगळे उतरले. मध्यावर न्हाव्याचा पाय घसरला, तो कमरेपर्यंत बुडाला, पण साखळी तुटली नाही. पाणी आदळत होतं आणि माणसं पुढे येत होती. राजा घोड्यावरून उतरून थेट काठाशी आला.

"असे हात धरायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

"गुरुजींनी," कासारीण पाण्यातूनच म्हणाली. "शाळेच्या पहिल्या दिवशी, याच ओढ्यात."

प्रधान लगेच म्हणाला, "ही कासारीण आहे, महाराज. लोकांची मनगटं धरणं हा तिचा धंदाच आहे."

राजाने साखळीवरून नजर फिरवली. "आणि तो लोहार? ती सुईण? आणि तो घाबरलेला न्हावी? ते कुणाला बांगड्या भरतात?"

शिपायांनासुद्धा हसू आवरेना. राजाने विचारलं, "आणि ओढा पार केल्यावर गुरुजी काही म्हणायचे का?"

पाण्यातली सगळी माणसं एका आवाजात म्हणाली, "झालास तू या शाळेचा."

आणि गंमत अशी, की काठावरच्या उपरणेवाल्यांच्या तोंडूनही तेच शब्द त्याच वेळी बाहेर पडले. तेही कधीतरी याच पाण्यातून आले होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, बोटं सोडली आणि मनगटं धरली.

आचार्य मात्र काठावर एकटेच उभे होते. कासारीण त्यांच्यापर्यंत आली आणि तिने हात पुढे केला. आचार्यांनी तो धरला, आणि तिच्या पकडीत मनगट आल्याबरोबर त्यांच्या अंगावर काटा आला. एक रडवेला मुलगा त्यांना आठवला. पाण्याला भिऊन तो घरी जायचा हट्ट धरून बसला होता. दोन वेण्यांच्या एका मुलीने त्याचं मनगट असंच घट्ट धरलं होतं.

"खाली बघू नकोस," कासारीण हळूच म्हणाली. "माझ्याकडे बघ."

त्या दिवशी त्या मुलीने हेच म्हटलं होतं. आचार्यांचे डोळे भरून आले.

"ताई, मला पाण्यातून आणणारी तूच ना? मग सकाळी का नाही बोललीस?"

"तू उपरणं कुठे ते विचारलंस," ती म्हणाली. "कुणाचा हात धरला होता, ते विचारलंच नाहीस."

मग कडं वाढायला लागलं. इमारत तर आत होतीच. विहीर आत आली. सावलीची आंब्याची झाडं आत आली. ओढा ओलांडून ते पलीकडे गेलं, करंजाला वळसा घालून परत आलं, आणि कासारणीने अजून पुढे ताणत चाललेल्या कोळ्याला हाक मारून म्हटलं, "बस झालं, आता डोंगरही घेता काय?" राजा मनापासून हसला. पागा दुसरीकडे गेली, आणि जागा शोधायचं काम प्रधानालाच मिळालं.

त्या दिवशी पंगत एकच बसली. उपरण्याचा मान कमी झाला नाही, पुरं शिकणं ही मोठी गोष्ट आहेच. पण बुंदी वाढायला आचार्य स्वतः उभे राहिले आणि पहिलं पान ताईचं वाढलं. चिमुरड्या पोरी दोन्ही हातांत बांगड्या किणकिणवत पंगतीभर पळत होत्या.

साकव आजही तिथे आहे. म्हातारीकोतारी माणसं त्यावरून जातात. नवं मूल मात्र पहिल्या दिवशी पाण्यातूनच शाळेत येतं, आणि काठावरून कुणीतरी ओरडत असतं, "बोटं नको, मनगट धर."

तात्पर्य: शाळेतून काय घेऊन बाहेर पडलो याने आपलं शिक्षण मोजावं, पण आपण शाळेचे झालो ते तिने पहिल्यांदा हात धरला त्या दिवशीच, आणि ते नातं अर्ध्यात सुटत नाही.