तापली की न लागणारी मोटार

फार मागच्या काळातली ही गोष्ट. रस्त्याने मोटार आली की बैल बुजायचे आणि म्हातारी माणसं हात जोडायची, त्या काळातली. लहानांनी ऐकावी, थोरांनी तर ऐकावीच.

एक डोंगरी राज्य होतं. डोंगराच्या माथ्यावर राजधानी आणि खाली उघड्या माळावर विखुरलेली गावं. साऱ्या राज्यात वैद्य एकच आणि मोटारही एकच. राणीसाहेब शहाण्या होत्या. त्यांनी ती मोटार मिरवणुकीसाठी ठेवली नाही, वैद्यबुवांना देऊन टाकली. म्हणाल्या, "आजारी माणसाने डोंगर चढायचा नाही. औषधाने खाली उतरायचं."

मोटार चालवायला दौलू नावाचा माणूस होता. चाळिशी उलटलेला, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. सकाळी वैद्यबुवांना घेऊन घाट उतरायचा, गावोगाव फिरवायचा आणि दिवेलागणीला परत आणायचा. कामाला तो कधी कंटाळला नव्हता. पण पुढे मोटारीला एक खोड लागली आणि त्या खोडीने दौलूला पार दमवून टाकलं.

खोड अशी होती. सकाळी मोटार थंड असली की पुढून घालून फिरवायच्या हँडलच्या पहिल्या फेऱ्याला लागायची, म्हणजे सुरू व्हायची. दिवसभर पळायची, घाट चढायची, कुठे कुरकुर नाही. पण तापलेली असताना एकदा बंद केली, की पुन्हा लागायचं नाव नाही. हँडल फिरवून फिरवून दौलूचे खांदे निखळायला यायचे, तरी ती ढिम्म. चांगली निवेपर्यंत वाट पाहिली, की मग काही झालंच नव्हतं अशी लागायची.

दौलूने राजवाड्याच्या मिस्त्रीला हे सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "सकाळी आण. बघतो."

सकाळी दौलूने मोटार नेली. मिस्त्रीने हँडल मारलं. मोटार लगेच लागली.

"लागली की रे!"

"आत्ता लागणारच. ती तापली की लागत नाही."

"बरं, बघू." मिस्त्रीने प्लग काढून पुसले, पेट्रोलची जाळी धुतली, मोटार परत दिली. दुपारी माळावर ती पुन्हा तशीच बसली. दौलू पुन्हा गेला. मिस्त्री पुन्हा म्हणाला, "सकाळी आण."

असं कितीदा तरी झालं. शेवटी मिस्त्री वैतागला. "दौलू, माझ्या हाताखाली ती एकदाही अडत नाही. तुझ्याच हातात जोर राहिला नसेल." वाड्यावरची माणसं तर उघड हसायची. "दौलूला झाडाखाली आडवं व्हायचं असलं की मोटारीला ताप चढतो," म्हणायची.

मिस्त्री वाईट नव्हता, हे इथेच सांगून ठेवतो. कारागीर चांगला होता. पण तरुणपणी त्याने एका तापल्या इंजिनाच्या पाण्याचं झाकण उघडलं होतं, आणि उसळलेल्या वाफेने त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलला होता. तेव्हापासून गरम यंत्राला हात लावायचा नाही, असा त्याने नेमच धरला होता. त्या नेमापायी मोटारीचं दुखणं त्याला कधी दिसलंच नाही.

दौलूने मग सांगणं सोडलं. त्याने आपली पळवाट शोधली. गावात गेल्यावर तो मोटार बंदच करायचा नाही. बुवा घरात नाडी बघत असायचे आणि हा घरघरत्या मोटारीत बसून भाकरी खायचा. बंद करावीच लागली तर उतार शोधायचा. उतारावर सोडून दिली की बराच वेळ गचके खात खात ती कशीबशी लागायची. दिवसभर बूड हलवायचं नाही, डोळा मिटायचा नाही. संध्याकाळी घरी गेला की बायको बोलायची, ते त्याला त्या घरघरीच्या पलीकडून बोलल्यासारखं ऐकू यायचं. ती विचारायची, "काय होतंय तुम्हाला?" तो म्हणायचा, "कुठं काय? दमलोय."

वैद्यबुवांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं; सुरुवातीला ते रोग्यांत गुंतलेले असायचे तोवर मोटार निवलेली असायची. मोटारी अशाच घरघरत उभ्या राहत असतील, असं ते धरून चालले होते.

मग उन्हाळा आला. एके दुपारी बुवा माळावरच्या एका गावात तापाने फणफणलेल्या मुलीला बघायला गेले. घर अगदी रस्त्याला लागून. थोड्या वेळाने मुलीची आई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली.

"दादा, तेवढं यंत्र बंद करा. पोरीचं डोकं फुटायला लागलंय."

दौलूने चहूकडे पाहिलं. सगळा सपाट माळ. उतार कुठेच नाही. मोटार पुढे नेऊन उभी करता आली असती, पण ते त्याच्या मनातच आलं नाही. थकलेल्या माणसाला जवळचंच सुचतं. त्याने मोटार बंद केली.

एकदम सगळं शांत झालं. झाडावर पाखरं बोलत होती, तीही त्याला ऐकू आली. किती दिवसांनी! त्याने मान मागे टेकली आणि त्याचा डोळा लागला.

तो जागा झाला तो हाकांनी. दगडाच्या खाणीकडून एक माणूस धावत आला होता. "बुवा कुठं आहेत? यल्लाप्पाच्या पायावर शिळा आलीय. रक्त थांबत नाही!"

बुवा पिशवी घेऊन तसेच बाहेर आले आणि मोटारीत बसले. दौलूने हँडल मारलं. पुन्हा मारलं. मारतच राहिला. गावातल्या माणसांनी मोटार ढकलली, पार वेशीपर्यंत नेली. मोटार हूं की चूं करेना. शेवटी कुणीतरी बैलगाडी जुंपली. बैल आपल्या चालीने चालले. दौलू गाडीच्या मागे पायीच निघाला. गाडीत बसायची त्याला लाज वाटत होती.

ते खाणीवर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. बुवांनी यल्लाप्पाचा जीव वाचवला. पाय मात्र वाचला नाही. तो गुडघ्याखाली कापावा लागला. "थोडं आधी पोचलो असतो, तर..." एवढं बुवा बोलले आणि पुढचं त्यांनी गिळलं.

ते बैलगाडीने गावात परतले तोवर मोटार निवली होती, पहिल्या फेऱ्याला लागली आणि परतीच्या वाटेवर निमूट चालत होती. बुवांनी विचारलं, "दौलू, ही असं कधीपासून करतेय?"

"लई दिवस झाले, बुवा."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. मिस्त्रीला सांगितलं, वाड्यावर सांगितलं. सगळी म्हणतात, सकाळी आण. सकाळी ती ठणठणीत असते."

 बुवा म्हणाले, "मी रोग्याचा ताप उतरल्यावर नाडी धरली आणि 'तुला काही झालेलं नाही' म्हणालो, तर लोक मला काय म्हणतील रे?"  ते वाक्य घाटभर दौलूबरोबर चढत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी त्याने मोटार माळावरून सरळ घाटाने वर आणली आणि मिस्त्रीच्या अंगणात नेऊन बंद केली. मिस्त्री जेवायला बसला होता.

"आत्ता कशाला आणलीस? सकाळी आण म्हणून किती वेळा सांगायचं?"

"सकाळी ती बरी असते, मिस्त्री. आजारी आत्ता आहे. आत्ताच बघा."

"गरम यंत्राला मी हात लावत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे." दौलूचा आवाज चढला नाही. चढवायला त्याच्यात त्राणच नव्हतं. "काल यल्लाप्पाचा पाय कापला. मी हँडल मारत होतो आणि तिकडं त्याचं रक्त जात होतं. तुम्ही बघेपर्यंत मी इथंच बसतो. मला आता उठवत नाही."

आणि तो खरंच मोटारीच्या पायरीवर बसला.

मिस्त्रीने ताटातला हात धुतला. आपल्या सोललेल्या हाताकडे एकदा बघितलं. मग दोन्ही हातांना जाड फडकी गुंडाळली आणि इंजिनावरचा पत्रा उचलला. आतली धग तोंडावर आली तसा तो दचकून मागे सरला. पुन्हा पुढे झाला.

"हँडल मार," तो म्हणाला. दौलूने मारलं. मिस्त्रीने प्लगची वायर धरून पाहिली. ठिणगी पडत होती. "म्हणजे आग आहे. आता पाणी बघू." मोटारीचं पाणी म्हणजे पेट्रोल. त्याने नळीचं टोक सोडवलं. थंड असताना तिथून धार लागायची. आता नुसते बुडबुडे येत होते.

मिस्त्री नळीच्या मागे मागे वाकत गेला आणि थबकला. कधीकाळी दगड लागून ती नळी वाकली होती. धूर बाहेर जायच्या तापल्या पाइपाला ती जवळजवळ चिकटली होती.

"हे बघ," तो हळूच म्हणाला. "चालती असते तोवर वारा लागतो, पेट्रोल वाहतं राहतं, म्हणून निभतं. थांबली की सगळी धग आत कोंडते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. वाफेवर इंजिन कसं लागणार? निवली की सगळं जागच्या जागी."

त्याने नळीचं टोक पुन्हा जोडलं आणि ओलं फडकं तिच्यावर गुंडाळलं. चर्र झालं. थोडं थांबून म्हणाला, "आता मार."

मोटार लागली.

दोघांपैकी कुणालाही आनंद झाल्यासारखं दिसलं नाही. मिस्त्रीने ती नळी वाकवून लांब केली, घट्ट बांधली. मग दौलूच्या शेजारी पायरीवर येऊन बसला. "तू खरं सांगत होतास," तो म्हणाला. "मला सोयीच्या वेळीच बघायचं होतं." राणीसाहेबांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी हुकूम काढला, की राज्यात कुणाचंही गाऱ्हाणं ते जिथे आणि जेव्हा घडतं, तिथे आणि तेव्हाच जाऊन पाहावं.

पुढे एका दुपारी दौलू खाणीच्या वस्तीवर गेला. यल्लाप्पा कुबडी बाजूला ठेवून पाट्याला छिन्नीने टाके घालत बसला होता. दौलूने त्याच्या दारात मोटार उभी केली आणि बंद केली.

यल्लाप्पाने छिन्नी थांबवली. "बंद केलीस? सपाटीवर?"

"केली."

"मग लागेल?"

"लागेल. नळी लांब केली मिस्त्रीने."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

यल्लाप्पा आपल्या अर्ध्या पायाकडे बघत राहिला. रागावला असता तर दौलूला सोपं गेलं असतं. पण यल्लाप्पा नुसता म्हणाला, "एवढ्याशासाठी गेला म्हणायचा," आणि सरकून त्याने दौलूला सावलीत जागा करून दिली.

लहानांनो, थोरांनो, ध्यानात धरा: दुखणं दुखत असतानाच पाहावं, आपल्या सवडीने पाहायला गेलं, तर ते दिसत नाही आणि थांबतही नाही.