पैलवानाचा गुडघा

"...आनि मला सांगा अज्जा, रोज हजार बैठका मारलेल्या गड्यानं खुर्चीत बसून नुसता पाय वर-खाली करायचा व्हय?"

बसगोंडा पैलवानाचा आवाज मठाच्या अंगणात घुमला. पिंपळावरचे दोन कावळे उडाले.

अज्जा सुपातल्या शेंगा फोडत होते.

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठाचे स्वामी शहाऐंशी वर्षांचे. सगळा गाव त्यांना अज्जा म्हणे. बसगोंडाला त्यांनी, तो लंगोट कसायला शिकत होता तेव्हापासून पाहिलेलं. आता तोही चौसष्टचा झाला होता. घरात भिंतीवर अकरा चांदीच्या गदा, मिशीला अजून पीळ, आणि उजवा गुडघा असा, की पैलवान उठला हे शेजारच्या घरात ऐकू जावं.

मठाच्या सात पायऱ्या तो आज आडवा होऊन, खेकड्यासारखा चढून आला होता. अज्जांनी ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

"पाय उचलायला कोन म्हनालं तुला?"

"जयसिंगपुरात एक बाई हाय, व्यायाम शिकवनारी. डॉक्टरनं धाडलं तिच्याकडं. म्हनली, गुडघा झिजलाय, झिजलेलं काय भरून येत न्हाई. पन मांडीत ताकद आली तर गुडघ्यावरचा भार हलका हुतोय, दुखनं कमी हुतंय. खुर्चीत बसा, पाय सरळ करा, पाच आकडं मोजा, खाली ठेवा. दहा वेळा. आनि रोज सपाटीवर जमंल तेवढं चाला."

"मग?"

"मग काय! माझ्या मांडीत ताकद न्हाई म्हनती! माझ्या मांडीत!"

"किती दिवस झालं याला?"

"चार म्हैनं."

"घरात एकदा तरी केलास?"

"छ्या! पोरखेळ हाय त्यो. तुमी मला कायतरी खरं सांगा, अज्जा. कडक. हजार दंडवत सांगा. एकवीस सोमवार निर्जळी सांगा. गुडघाभर चिखलात हुबा ऱ्हातो."

अज्जांनी एक शेंग त्याच्या तळहातावर ठेवली.

"घरात न्हाई केलास. त्या बाईसमोर केला असशील की?"

"...केला."

"किती वेळा?"

बसगोंडा शेंगेकडे बघत राहिला.

"शेजारी शिरटीची एक म्हातारी हुती. सत्तरच्या पुढची. पायाला वाळूची पिशवी बांधून दहा करत हुती. वर माज्याशी गप्पा मारत हुती, पावनं कुठलं म्हनून."

"मी तुझं विचारलं."

बसगोंडानं शेंग फोडायला घेतली.

"बसू, किती?"

"चार." पैलवानाचा आवाज एवढा बारीक झाला, की अज्जांना पुढे वाकावं लागलं. "पाचव्याला पाय थरथराय लागला. तर म्हातारी म्हनती, सवय न्हाई वाटतं तुमास्नी."

अज्जांना खोकला आला. बराच वेळ आला. बसगोंडाला तो खोकला खरा वाटला नाही.

पण एकदा तोंड उघडलं, तसं मग उरलेलंही बाहेर पडलं. गेल्या वर्षीच्या जत्रेत पहिली कुस्ती लावायचा मान त्याचा होता. मंचावरून उतरताना गुडघा जो अडकला, तो पुढेही जाईना नि मागेही येईना. दोन गड्यांनी बघितलं आणि त्याला सरळ खांद्यावर घेतलं. लोकांना वाटलं, पैलवानाला मिरवतायत. हलगी कडाडली, फेटे उडाले. हा मिशीला पीळ देत खांद्यावर बसून राहिला. घरी येऊन बायकोशी, गौरव्वाशी, दोन दिवस बोलला नाही.

"तीन म्हैन्यावर जत्रा आलीया, अज्जा. माज्या पायानं जायचंय मला."

अज्जांनी सूप बाजूला सारलं. उठले, लाकडी बाकावर जाऊन बसले आणि भगवी लुंगी गुडघ्याच्या वर घेतली. बाभळीच्या काटकीसारखा पाय त्यांनी हळूहळू समोर सरळ केला.

"मोज."

"एक... दोन... तीन..."

काटकी थरथरू लागली. पाचाला अज्जांनी पाय टेकवला. पुन्हा उचलला. पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा बाकही त्यांच्याबरोबर हलत होता. तिसरा झाल्यावर ते थांबले आणि दम खात बसले.

"अज्जा, तुमचाबी थरथरतोय की!"

"व्हय."

"मग लाज न्हाई वाटत?"

"मला कुठं गदा मिळाल्यात?"

बसगोंडानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "रोज तीन करता?"

"पंधरा दिसांमागं दोन हुतं."

"...मला किती सांगता?"

"चार."

"चारच? हे काय व्रत झालं का? कडक काय त्यात?"

"वसरीवर बसून करायचं. रस्त्याकडं तोंड करून."

बसगोंडाचा चेहरा उतरला. त्यानं हात जोडले.

"अज्जा, त्यापरीस दंडवत सांगा."

अज्जा पुन्हा शेंगांकडे वळले होते.

पहिल्या दिवशी पैलवानानं ओसरीवर बसून, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून पाय उचलला. पेपर उलटा होता, हे दूधवाल्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या तालमीतली चार पोरं सायकली थांबवून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "वस्ताद, ह्यो कुठला डाव?" बसगोंडा तापला, पण पाय काही खाली घेतला नाही. मोजणं पाचापर्यंत पुरं केलं आणि मगच शिवी दिली.

पाचव्या दिवशी गौरव्वा शेजारी खुर्ची टाकून बसली आणि तिनंही पाय उचलला.

"तू का गं?"

"माजं दोनी गुडघं दुखत्यात."

"कवाधरनं?"

"झाली की सा वर्सं."

"मला बोलली न्हाईस कधी?"

"तुमचा एकच एवढा दुखतोय, म्हटलं त्यात माजं दोन कुठं घालू?"

त्या दिवशी बसगोंडानं पाच केले. सहा व्हायला आठवडा लागला. एकदा चेव येऊन एकदम पंचवीस मारले, तर दोन दिवस खाटेवर पडून राहावं लागलं. मग पुन्हा चारापासून. गौरव्वा मोजायची, कारण पैलवान हळूच एक आकडा गाळतो हे तिच्या ध्यानात आलं होतं. संध्याकाळी दोघं नदीपर्यंत चालत जायची. आधी वाटेत तीनदा बसायची, मग एकदा. दुखणं गेलं असं नाही. पण उठताना भिंतीला हात लावायचा राहून गेला, आणि तो कधी राहिला हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसगोंडा मठात हजर. तोंड एवढंसं झालेलं.

"काय झालं रं? अडकला का गुडघा?"

"न्हाई. मंचावरनं माज्या पायानं उतरलो. मातीत गेलो, जोड लावली, परत येऊन बसलो."

"मग?"

"मग काय मग!" पैलवानाचा आवाज पुन्हा अंगणात घुमला. "तीन म्हैनं वसरीवर लाज सोडून बसलो, अज्जा! आनि अख्ख्या मैदानात एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई, की मी चालत गेलो म्हनून!"

अज्जांनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"म्हंजे नीट चाललास."