डावखुरी नायिका

गजराबाई जन्माच्या डावखुऱ्या, आणि नात केतकीही तशीच. म्हणून तालुक्याच्या वाचनालयात आपल्या लहानपणचा सिनेमा दाखवणार आहेत असं कळताच त्या नातीला घेऊन गेल्या. "यातली बाई देवापुढं डाव्या हातानं दिवा लावते बघ," असं वाटेत दहादा सांगून झालं.

पडद्यावरच्या बाईनं दिवा लावला, तो उजव्या हातानं.

"अगं बाई, ही तर डावखुरी होती!" गजराबाई मोठ्यानं बोलून गेल्या.

खेळ लावणारे सिनेमाचे जाणकार प्राध्यापक प्रभुघाटे यांनी तो थांबवला. "आजीबाई, हा सिनेमा मी पन्नास वेळा पाहिलाय. म्हातारपणी आठवणी अशाच घसरतात."

सगळे हसले. केतकीनं मान खाली घातली.

गजराबाईंनी पडद्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, पन्नासही वेळा पुढनंच पाहिलात ना? आमच्या जत्रेतल्या तंबूत पडद्यापुढं पुरुष बसायचे आणि पडद्यामागं आम्ही बायका. मागनं उजवा हात डावा दिसतो. पन्नास वेळा बघूनही तुमचा अर्धा सिनेमा राहिलाच की!"

टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनी खेळ पुन्हा सुरू केला.

गजराबाई मात्र डोळे पुसत होत्या. "डाव्या हातानं जेवते म्हणून आई हातावर उलथनं मारायची गं. तेव्हा वाटायचं, माझ्यासारखी सिनेमातली ती एक तरी आहे."

"आजी, चल, आपण मागं जाऊन बघू."

दोघी उठून गेल्या. पण इथं पडद्यामागं भिंत होती.