मेणवेलीचे वाळके देठ

सह्याद्रीच्या एका गर्द रानात, हिरड्याच्या उंच झाडावर एक म्हातारा शेकरू राहत असे. मुलांनो, शेकरू हा खारीच्याच कुळातला. पण अंगाने चांगला थोराड, पाठीने तांबूस आणि शेपटीने झुपकेदार. या आमच्या शेकरूला टापटिपीचे भारी वेड होते. घरट्यातली एक काडी तिरकी झाली तरी त्याला झोप लागत नसे. फळ खाऊन झाले की साल लगेच खाली टाकायची, आणि ती ज्याच्या डोक्यावर पडेल त्याने तक्रार केली, तर त्यालाच स्वच्छतेवर चार शब्द ऐकवायचे, अशी त्याची रीत होती. त्यामुळे त्या झाडाखालून जाणारे प्राणी जरा लांबूनच जात.

या शेकरूला एक लेक होती. त्याच झाडावर, शेजारच्या फांदीवर, तिचे घरटे होते. लेक मोठी झाली, तिला दरीपलीकडच्या रानातला जोडीदार मिळाला आणि तिने तिकडे संसार मांडायचे ठरवले. दरी तशी अरुंद होती, दोन्हीकडच्या झाडांच्या फांद्या एकमेकींच्या जवळ येत. पण मध्ये एक मोठी उडी मारावी लागे. म्हाताऱ्याचा मागचा पाय एकदा झाडावरून पडल्यापासून अधू झाला होता. ती उडी आता त्याला जमण्यासारखी नव्हती. लेक गेली की तिला भेटायला जाता येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते, आणि दोघेही त्याबद्दल बोलत नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीने कुठूनतरी एका वेलीचा तुकडा आणला. जाड, गुळगुळीत, मेण चोळल्यासारख्या पानांची ती वेल. रानात तिला मेणवेल म्हणत. देवळापाशी पडलेली नारळाची करवंटी तिने आणली, तीत कुजलेला पाला आणि सालीचा चुरा भरला, वेल लावली आणि करवंटी बापाच्या घरट्याच्या दारात टांगली.

"बाबा, हिला उजेडात राहू द्या," ती म्हणाली. "माती पुरती सुकली की मगच पाणी द्या. फुलं यायला वेळ लागेल. पण आली की संध्याकाळी त्यांचा वास थेट दरीपलीकडे येतो. वास आला की मी येईन."

एवढे सांगून ती गेली. म्हातारा बराच वेळ त्या पलीकडच्या फांदीकडे बघत राहिला. फांदी हलायची थांबली तरी तो बघतच होता.

वेलीने खरोखरच वेळ घेतला. करवंटीच्या काठावरून ती खाली लोंबू लागली, वाऱ्यावर झुलू लागली, पण फुलाचे नाव नाही. शेवटी एका उन्हाळ्यात तिच्यावर इवल्या इवल्या चांदण्यांचे गोल झुबके लागले. पांढरट गुलाबी पाकळ्या, मध्ये लाल ठिपका. संध्याकाळ झाली आणि असा गोड वास सुटला की म्हाताऱ्याला खाणे सुचेना. दुसऱ्या दिवशी उन्हे वर यायच्या आत लेक दारात हजर होती.

फुले होती तोवर ती राहिली. दोघांनी फणसाचे गरे खाल्ले, जुन्या गोष्टी काढल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मनसोक्त टिंगल केली. ती आपल्या जुन्या घरट्यात झोपे आणि सकाळी तिथून काड्या विस्कटूनच बाहेर येई. बाप कुरकुरत त्या नीट करी. खरे सांगायचे तर त्या काड्या नीट करण्याइतके सुख त्याला वर्षभरात दुसऱ्या कशात मिळाले नव्हते. मग फुले गळली आणि लेकही गेली. वेलीवर उरले ते फक्त आखूड, उघडे, वाळक्या काडीसारखे देठ.

आता घर त्याला खायला उठू लागले. संध्याकाळ झाली की तो करवंटीपाशी येऊन बसे आणि नाक वर करून हुंगे. वास कसला येणार? पण आपल्या माणसाची ओढ लागली की नसलेला वासही येतो. त्याला मध्येच वाटे, आला. मग कळे, नाही आला. कधी एकदा वेल पुन्हा फुलते आणि लेक येते, असे त्याला झाले होते.

त्याच झाडावर अधूनमधून एक वानर येऊन बसे. या वानराने जन्मात एक रोप लावले नव्हते, उपटली मात्र पुष्कळ होती. पण सल्ला द्यायला त्याला कोणी विचारावे लागत नसे.

"शेकरूभाऊ, तुमची वेल उपाशी आहे," त्याने छातीठोकपणे सांगितले. "एवढ्याशा करवंटीत ती काय फुलणार? मोठं भांडं घ्या, पाणी भरपूर द्या, मग बघा."

आणि दुपारी तो गावाच्या कडेला पडलेला एक फुटका माठ घेऊनही आला. म्हाताऱ्याला लेकीचे शब्द आठवत होते. पण माणूस वाट बघून बघून टेकीला आला की त्याला गप्प बसण्यापेक्षा काहीही करणे बरे वाटते, आणि शेकरूचेही तसेच झाले. त्याने वेल करवंटीतून काढून माठात लावली. मग रोज ओढ्यावर जायचे, ओले शेवाळ तोंडात धरून आणायचे आणि मुळाशी पिळायचे, असा क्रम सुरू झाला. अधू पायाने त्या खेपा घालताना त्याला धाप लागे, पण तेवढा वेळ बरा जाई. सकाळी तो माठ उगवतीकडे वळवी, दुपारी मावळतीकडे. बिचाऱ्या वेलीला आपण कुठल्या बाजूला तोंड करून वाढायचे हेच कळेनासे झाले.

इथवर वानराचा सल्ला होता. पुढचे मात्र म्हाताऱ्याने आपल्याच डोक्याने केले. वेलीवरचे ते वाळके देठ त्याच्या डोळ्यांत खुपत होते. उन्हाळा जवळ आला तसे त्याला वाटले, आता फुले येतील, लेक येईल, आणि हे असले खुंट बघून म्हणेल, बाबांनी माझी वेल कशी ठेवली आहे बघा. त्याने दातांनी एकेक देठ मुळापासून कुरतडून टाकला. वेल कशी साफसूफ, नीटनेटकी दिसू लागली. मागे सरून त्याने ती दोनदा पाहिली आणि त्याचे समाधान झाले.

उन्हाळा आला. रानात करवंदे पिकली, जांभळे पडू लागली. मेणवेलीवर मात्र एक कळी दिसेना. उलट खालची पाने पिवळी पडून गळू लागली आणि मुळाशी कुबट वास येऊ लागला. म्हातारा रोज संध्याकाळी दरीच्या तोंडावरच्या फांदीवर जाऊन बसे. आधी त्याला स्वतःचा राग आला, मग वानराचा, मग वेलीचा. आणि उन्हाळा सरत आला तसा तो राग हळूहळू लेकीकडे वळला. वास आला नाही म्हणून काय झाले, बाप तर इथेच आहे ना, असे तो स्वतःशी म्हणू लागला.

"विसरली ती," एक दिवस तो वानराला म्हणाला. वानराने डोके खाजवले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे सल्ला नव्हता. तो मुकाट्याने दुसऱ्या झाडावर निघून गेला.

म्हाताऱ्याची नजर शेजारच्या फांदीवर गेली. लेकीचे घरटे वाऱ्याने सैल झाले होते, काड्या लोंबत होत्या, आतला पाला वाळून भुगा झाला होता. येणारे कोणी नाही तर हे मोडके ठेवायचे कशाला, असे म्हणून तो तिथे गेला आणि एकेक काडी ओढून खाली टाकू लागला. अर्धे घरटे उतरले असेल नसेल, तोच दरीपलीकडची फांदी जोरात हलली आणि धापा टाकत लेक समोर आली. तिच्या शेपटीला कुसळे चिकटली होती. वाटेत कुठे थांबून ती झटकण्याइतकीही उसंत तिने घेतली नव्हती.

म्हाताऱ्याच्या तोंडातली काडी गळून पडली. "तू कशी आलीस?" त्याने विचारले. "फुलं तर आलीच नाहीत."

"म्हणूनच आले," लेक म्हणाली. "वारा रोज इकडूनच येत होता आणि त्याला वास नव्हता. पिलं लहान, म्हणून निघता येईना, पण जीव थाऱ्यावर नव्हता. मला वाटलं, तुम्हालाच काही झालं."

लेकीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, तो धड आहे अशी खात्री झाली तेव्हा कुठे तिचे लक्ष माठाकडे गेले. तिने चिखल झालेली माती हुंगली, पिवळी पाने पाहिली, वेलीवरून पंजा फिरवत ती एका जागी थांबली.

"बाबा, इथले देठ कुठे गेले?"

"वाळले होते. काढून टाकले."

"वाळले नव्हते हो," ती हळूच म्हणाली. "फुलं गळली की ते तसे दिसतात. मेणवेलीची पुढची फुलं त्याच जुन्या देठावर येतात. देठ गेला की त्या जागी पुन्हा फूल नाही."

मग तिची नजर अर्ध्या उतरलेल्या घरट्याकडे गेली. खाली जमिनीवर काड्यांचा ढीग पडला होता. तिने बोलून दाखवले असते तर म्हाताऱ्याला बरे वाटले असते.

"हेही मला वाळलंय असंच वाटलं, बाळ," तो म्हणाला, आणि त्याला रडू आले.

त्या दिवशी दोघांनी मिळून ते घरटे पुन्हा विणले. लेक काडी खोचायची, बाप ती सरळ करायचा, लेक मुद्दाम दुसरी तिरकी खोचायची. मग तिने वेल माठातून काढली, कुजलेली मुळे खुडली आणि उरलेला धट्टाकट्टा भाग परत त्याच जुन्या करवंटीत लावला. या वेलीला मुळे जरा दाटीवाटीत असलेलीच आवडतात, असे तिने सांगितले. पिलांच्या काळजीने तिला फार दिवस राहता आले नाही. निघताना ती म्हणाली, फुले आली नाहीत तरी मी येत जाईन, पण तुम्ही त्यांना येऊ द्या.

ती गेल्यावर म्हातारा सवयीने तिच्या घरट्यापाशी गेला. आत चोखून टाकलेली जांभळाची बी होती, पाला विस्कटलेला होता, एक काडी तर पार आडवी आली होती. त्याने ती काडी सरळ करायला तोंड पुढे केले आणि मग तशीच राहू दिली. घरट्यात अजून तिच्या अंगाचा वास होता.

त्यानंतर वेलीला त्याने पाणी दिले ते माती सुकल्यावरच. करवंटी एकदा उजेडात टांगली ती पुन्हा वळवली नाही. वानर पुन्हा सल्ला घेऊन आला, तेव्हा त्याला जांभळे खायला घालून विषय बदलला. कुरतडलेल्या जागी काही आले नाही, येणारही नव्हते. पुढच्या उन्हाळ्यातही वेल नुसतीच वाढली. लेक मात्र बोलल्याप्रमाणे धावती भेट देऊन गेली आणि घरटे विस्कटून गेली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका नव्या फांदीच्या टोकाशी एक नवा देठ फुटला, आणि त्यावर बाजरीच्या दाण्यांएवढ्या कळ्या धरल्या. म्हातारा श्वास रोखून त्यांच्याकडे बघे, पण पंजा लावत नसे.

एका संध्याकाळी त्या उमलल्या. झुबका एकच होता. एवढ्याशा झुबक्याचा वास दरी ओलांडेल की नाही, कोण जाणे. म्हातारा शेकरू लंगडत फांदीच्या टोकाशी गेला, वारा कुठे चालला आहे ते बघायला त्याने शेपटी उंच केली, आणि केस पलीकडच्या रानाकडे झुकलेले पाहून तो तिथेच बसून राहिला.

तात्पर्य : फूल गळून गेलेला देठ आणि आपले माणूस निघून गेलेली जागा, दोन्ही वाळल्यासारखी दिसतात. ती साफ करून टाकण्याची घाई करू नये. जे परत यायचे असते, ते तिथेच येते.