साहेबांच्या सात हिरव्या शाया

“यातली रोजच्या लिहिण्याला कुठली शाई बरी, एवढंच सांगा बुवा. मी निघतो.”

हुपरीकर साहेबांनी सातवा कागद गणोबुवांच्या मांडीजवळ ठेवला आणि रुमालानं मान पुसली.

चैत्रातली दुपार होती. मठाच्या ओसरीवरचे पत्रे तापले होते. सकाळपासून माणसांची रीघ. कुणाच्या पोराचं लग्न जमत नव्हतं, कुणाची म्हैस आटली होती. सगळ्यांचं ऐकून बुवा भिंतीला टेकले होते. खरं सांगायचं तर मीही कंटाळलो होतो.

बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मठात येणारी पत्रं त्यांना वाचून दाखवायची आणि ते सांगतील ते उत्तर लिहायचं, हे माझं काम. म्हणून मी तिथं असतो.

बुवांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“ह्यो कसला रंग म्हनायचा?”

“हिरवा. सातही हिरवेच आहेत, पण प्रत्येक वेगळा.”

“मला समदे सारखेच दिसत्यात.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवरच्या मुंग्या बघू लागलो. मोतीबिंदू झालेल्या माणसापुढे रंगांचं प्रदर्शन मांडलं होतं, त्याला मी काय करणार?

हुपरीकर मोठे अधिकारी. निवृत्त होऊन दीड वर्ष झालेलं. या शाईपायी मठात येण्याची ही त्यांची तिसरी खेप. सोबत लाल फीत बांधलेली फाइल, सात पेनं आणि औषधाच्या असाव्यात तशा सात बाटल्या. पुलाचं टेंडर उघडावं तसा सगळा थाट.

“मग तोंडी सांगतो,” साहेब म्हणाले. फाइल उघडली. “पहिली झटकन वाळते, पण फिकट. संध्याकाळी वाचता येत नाही. दुसरी साध्या कागदावर फुटते. तिसरी चांगली, पण आठ दिवसांत काळपट होते. चौथी पाठीमागे उमटते, म्हणजे अर्धा कागद वाया. पाचवी निबमध्ये बसते. दोन दिवस पेन तसंच राहिलं की पाण्यात भिजत घालावं लागतं.”

“आन् सहावी?”

“सहावी उत्तम. दहापैकी नऊ गुण दिलेत मी तिला.”

“मग झालं की.”

“ती नको.”

“धापैकी नऊ, आन् नको?”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“ती अगदी ऑफिसातल्यासारखी आहे,” ते म्हणाले.

…

बुवांनी पाय लांब केले आणि गुडघा चोळू लागले.

“सायेब, तुमास्नी लिवायचंय तरी कुनाला?”

“रोजचंच. किरकोळ.”

बुवा गुडघा चोळत राहिले. त्यांना घाई कधीच नसते, आणि समोरच्याला तेच सोसत नाही.

“मुलीला,” साहेब म्हणाले.

एवढं बोलायला त्यांना तीन खेपा लागल्या होत्या.

“मग कुटल्याबी शाईनं लिवा की. निळ्यानं लिवा.”

“एकतीस वर्षं हिरव्यानं लिहिलं, बुवा. कचेरीत निळी शाई कारकुनाची, हिरवी साहेबाची. निळं पेन हातात घेतलं की मला खालच्या टेबलावर बसवल्यासारखं वाटतं.”

हे सांगताना त्यांना लाजही वाटली नाही. मला राग आला. मी जन्मभर निळ्यानंच लिहीत आलो आहे.

बुवांनी मात्र नुसतं “हं” केलं.

“फोन करा मग.”

“उचलत नाही ती.”

“का?”

साहेबांनी फाइलच्या तळातून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला. घड्या पडून चुरगळलेला. बुवांपुढे धरला, मग त्यांच्या डोळ्यांची आठवण होऊन माझ्याकडे दिला.

“तुम्ही वाचा. मला वाचवत नाही.”

मी वाचलं. निळ्या अक्षरांतलं पत्र होतं, मागल्या ऑगस्टचं.

‘बाबा, मी फोनवर बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, महत्त्वाचं ते लेखी दे. म्हणून लिहिते. आमचं इथलं आता संपलं. मी वेगळी खोली घेतली आहे, पण तिथं एकटीला करमत नाही. आई असती तर विचारलंही नसतं. मी घरी येऊन राहू का? केतकी.’

डाव्या समासात हिरवा शेरा होता. अक्षर वळणदार.

‘पाहिले. कारणे व वास्तव्याचा कालावधी नमूद करावा.’

खाली छोटी सही. सहीखाली तारीख.

मी थांबलो. माझाच आवाज मला परका वाटला.

“ह्ये तुमी लिवलं?” बुवांनी विचारलं.

“हातानं लिहिलं.” साहेबांची मान खाली होती. “कागद समोर आला की समासात शेरा मारायचा आणि पुढे पाठवायचा. माझ्या टेबलावर कागद कधी मुक्कामाला राहिला नाही, बुवा. त्याचं कौतुक व्हायचं माझं. त्या दिवशीही सकाळच्या टपालात वीज मंडळाचं पत्र होतं, बँकेचं होतं आणि हे होतं. तिन्ही निकाली काढले. दुपारच्या टपालानं रवाना केले. चहा घेताना लक्षात आलं… तोवर पोस्टमननं पेटी उघडून पत्रं नेली होती.”

“मग?”

“आठ दिवसांनी तोच कागद परत आला.”

मी खाली पाहिलं. शेऱ्याखाली निळ्या अक्षरात एकच ओळ होती. ती मी मोठ्यानं वाचली.

‘अर्ज मागे घेत आहे.’

…

विहिरीवर कुणीतरी बादली सोडली. रहाट कुरकुरत राहिला.

“आठ महिने झाले,” साहेब म्हणाले. “ती कुठं जेवते, आजारी पडली तर कोण बघतं, काही ठाऊक नाही. मी फार थकलोय बुवा. फक्त असा हिरवा हवा, की पाकीट उघडल्यावर तिला वाटू नये, साहेबाचं आलं.”

माझा राग कुठल्या कुठं गेला. मघाशी मनात पुलाचं टेंडर म्हटलं होतं, त्याचं वाईट वाटलं.

बुवांनी चाचपून सातही कागद गोळा केले आणि माझ्या हातात दिले.

“ह्यांच्यावर काय लिवलंय?”

मी एकेक वाचला. “पहिल्यावर, ‘चि. केतकीस अनेक आशीर्वाद.’ दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावरही तेच… सातांवरही तेवढंच आहे, बुवा. खाली गुण आणि सही.”

“फुडं?”

“पुढचं शाई ठरल्यावर,” साहेब म्हणाले.

बुवांची मान खाली झुकली. मला वाटलं, डोळा लागला.

“सायेब, सगळ्यांत वंगाळ कुटली?”

“सातवी. प्रश्नच नाही. शेवाळासारखी दिसते आणि वाळता वाळत नाही. पाऊण मिनिट झालं तरी बोट लावलं की फासते. दहापैकी दोन.”

“तिनंच लिवा.”

“बुवा…”

“हितंच बसून लिवा. आत्ता.”

मी मठाच्या वहीतले दोन कोरे कागद फाडून पुढे ठेवले. पाट दिला. साहेबांनी मांडी घातली, त्यांच्या गुडघ्याचा आवाज झाला. बुवांच्या शब्दाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती, पण चेहऱ्यावर नापसंती लख्ख होती.

पेन भराभर चाललं. पाच ओळी झाल्या.

“वाचा,” बुवा म्हणाले.

“‘चि. केतकीस अनेक आशीर्वाद. तुझे दिनांक बारा ऑगस्टचे पत्र प्राप्त झाले होते. त्या अनुषंगाने कळविण्यात येते की…’”

वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि ‘की’वर थांबला. पुढच्या ओळी त्यांनी वाचल्या नाहीत.

बुवा हसले नाहीत. मीही नाही.

साहेबांनी तो कागद उपडा ठेवला. दुसरा घेतला.

आता पेन चालेना. टोक कागदावर टेकवायचे, उचलायचे. दोनदा निबवर थेंब साचला, दोनदा त्यांनी तो झटकला. बुवांच्या धोतरावर हिरवे थेंब उडाले. बुवांना दिसले नाहीत आणि मी सांगितलं नाही.

ऊन ओसरीच्या दुसऱ्या खांबापर्यंत सरकलं तेव्हा साहेब लिहू लागले.

या वेळी हळूहळू, पहिलीतल्या मुलासारखं. मी पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पहिली ओळ दिसलीच. ‘केतकी, ये.’ खाली आणखी चार-सहा ओळी. ते लिहिताना साहेबांचा श्वास ऐकू येत होता. समास त्यांनी सोडलाच नव्हता. कडेपासून कडेपर्यंत लिहिलं होतं.

शेवटी हात सहीच्या वळणानं फिरू लागला. अर्धं वळण झालं आणि थांबला. साहेबांनी ते खोडलं. बाजूला लिहिलं, ‘बाबा’.

मग त्यांनी डोळे पुसायला हात उचलला, आणि घात झाला. तळहात सगळ्या ओळींवरून फिरला होता. वाळली नव्हतीच ती शाई. ‘ये’ची मात्रा पार कडेपर्यंत ओढली गेली. मधल्या दोन ओळी नुसत्या हिरव्यागार झाल्या. शब्द लागत होते, पण मोठ्या मुश्किलीनं. तळव्याची रेघन् रेघ कागदावर उमटली होती.

“बघा!” साहेब रडवेले झाले. “म्हणून म्हणत होतो मी. दहापैकी दोन उगाच दिले नव्हते. नासलं सगळं.”

“काय झालं?” बुवांनी विचारलं.

“फासलं, बुवा. सगळं पत्र फासलं. असलं घाणेरडं तिला कसं पाठवू? आणखी एक कागद द्या. सहाव्या शाईनं पक्की प्रत काढतो. पाच मिनिटांत होईल.”

मी कागद पुढे केला. बुवांनी कागदाच्या आवाजाच्या अंदाजानं माझं मनगट धरलं आणि कागद काढून घेतला. घडी घालून कनवटीला खोचला.

“कशानं फासलं?”

“माझाच हात लागला.”

बुवांनी डोकं भिंतीला टेकवलं, डोळे मिटले.

“लागू द्या की, सायेब… एकदा तरी.”